फळासारखा गोड वास : एका शालेय प्रयोगाची तपासणी

दहावीच्या विज्ञानात सेंद्रिय रसायनशास्त्राची जी थोडीशी ओळख करून दिली जाते, तिच्यात हाताने करून पाहण्यासारखे प्रयोग मोजकेच असतात. त्यांतला एक म्हणजे एस्टर तयार करण्याचा. परीक्षानळीत 1 मिली इथेनॉल आणि 1 मिली ग्लेशियल ॲसेटिक आम्ल (पुस्तकी नाव इथेनॉइक आम्ल) घ्यायचे, संहत सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब टाकायचे, नळी गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवायची, मग मिश्रण चंचुपात्रातील पाण्यात ओतायचे आणि वास घ्यायचा. एनसीईआरटीच्या पुस्तकात पाणी 20 ते 50 मिली सांगितलेले असते. 2018 साली आलेल्या राज्य मंडळाच्या पुस्तकातली कृतीही जवळजवळ हीच. त्यानंतर जर्नलमध्ये एक ओळ लिहिली जाते : ‘फळासारखा गोड वास आला, म्हणजे एस्टर तयार झाले.’

आमचे भांडण या ओळीशी आहे. प्रयोगाशी नाही. प्रयोग चांगलाच आहे, आणि तो वगळावा असे कुणी म्हटले तर आम्ही विरोध करू. पण ज्या पद्धतीने तो सांगितला जातो, त्यात मुलाच्या नाकाला येणारा वास आणि त्याच्या हाताने लिहिली जाणारी ओळ यांची गाठ क्वचितच पडते. मूल वास घेते, त्याला व्हिनेगरचा झणका येतो. दुसऱ्याला स्पिरिटचा वास येतो. तिसरी मुलगी म्हणते, ‘सर, हा तर नेलपॉलिशचा वास.’ आणि तिघेही लिहितात ‘फळासारखा गोड’. कारण तोंडी परीक्षेत तेच विचारले जाते.

यात खरे बोलणारी तिसरी मुलगी आहे. तयार होणारा पदार्थ एथिल ॲसेटेट, आणि नखांच्या रंगात तो द्रावक म्हणून सर्रास वापरतात. त्याच्या विरळ वाफेला थोडा फळाचा भास आहे हे कबूल. पण ज्या मुलाने नागपुरात हिवाळाभर संत्री सोलली आहेत त्याला ‘हा फळाचा वास आहे’ असे सांगणे म्हणजे त्याच्या नाकावर अविश्वास दाखवणे होय. निरीक्षण करायला शिकवण्याच्या तासाला आपण निरीक्षण न करायला शिकवतो, ही या प्रयोगातील पहिली आणि मोठी खोट.

आता आकडे मांडून पाहू. 1 मिली इथेनॉल म्हणजे सुमारे 0.79 ग्रॅम, अर्थात 0.017 मोल. 1 मिली ग्लेशियल ॲसेटिक आम्ल 1.05 ग्रॅम, तेही साधारण 0.0175 मोल. दोन्ही रेणू जवळजवळ सारख्या संख्येने घेतले गेले आहेत. ही अभिक्रिया उलटसुलट चालणारी आहे आणि सारख्या मोलांनी सुरुवात केली तर ती दोन तृतीयांशापाशी थांबते. म्हणजे अगदी समतोल गाठला गेला तरी एस्टर तयार होईल सुमारे 1 ग्रॅम, आणि सुमारे 0.37 ग्रॅम ॲसेटिक आम्ल तसेच शिल्लक राहील. हे 30 मिली पाण्यात ओतले की पाणी सव्वा टक्का ॲसेटिक आम्लाचे होते. बाजारातील व्हिनेगर चार टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा ज्या मुलाला व्हिनेगर जाणवले तोही खोटे बोलत नव्हता.

पाण्यात ओतण्यामागे विचार आहे आणि तो योग्य आहे. ॲसेटिक आम्ल व इथेनॉल यांचे रेणू पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरून राहतात, त्यामुळे विरळ द्रावणातून ते हवेत कमी येतात; एथिल ॲसेटेट मात्र सहज निसटते. पण हे कारण मुलांना सांगितले जात नाही आणि उरलेले आम्ल घालवण्याची साधी युक्तीही कृतीत नसते. खाण्याचा सोडा चिमटीचिमटीने टाकावा. पाच थेंब सल्फ्युरिक आम्ल टाकले असेल तर दोन्ही आम्लांना मिळून दीड ग्रॅमच्या आत सोडा पुरतो. फसफस थांबली की आम्ल संपले. निघणारे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे जाता जाता एस्टरची वाफ वर घेऊन येतात, हा वरचा फायदा. आता वास घेतला तर वर्गातील बहुतेक मुले एकच गोष्ट सांगतील, आणि ती नेलपॉलिशचीच असेल. तेच लिहू द्यावे.

काही मार्गदर्शकांत ‘पाण्यावर एस्टरचा तेलकट थर तरंगतो’ असेही छापलेले आढळते. या मात्रांत तो दिसणे शक्य नाही. एथिल ॲसेटेट 100 मिली पाण्यात सुमारे 8 ग्रॅम विरघळते. 30 मिली पाण्यात दोन ग्रॅमपेक्षा जास्त सहज मावेल आणि आपल्याजवळ आहे एकच ग्रॅम. ज्या शिक्षकाला थर दिसला नाही त्याने आपले हात वाईट असे समजण्याचे कारण नाही. थर पाहायचाच असेल तर पाणी 10 मिलीच घ्यावे, सोड्याने आम्ल घालवावे, उंच अरुंद नळीत ओतावे आणि मीठ विरघळेल तेवढे घालावे. मिठाच्या आयनांभोवती पाणी गुंतले की एस्टरसाठी पाणी उरत नाही, आणि पातळसा थर वर येतो. साबण करताना मीठ घालून साबण वेगळा काढतात, त्याच जातीची ही युक्ती आहे.

दुसरी खोट आम्हाला अधिक गंभीर वाटते. या प्रयोगात तुलना नाही. सल्फ्युरिक आम्ल हा उत्प्रेरक आहे असे पुस्तक सांगते, पण त्याच्याशिवाय काय होते हे पाहायला सांगत नाही. मग ते थेंब कशासाठी टाकले हे मुलाने कशावरून मानायचे? शेजारी दुसरी नळी ठेवावी. तेच दोन पदार्थ, तेच गरम पाणी, तीच पाच मिनिटे, फक्त सल्फ्युरिक आम्ल नाही. दोन्हींना सोड्याचा उपचार करून वास घ्यावा. दुसऱ्या नळीतून नुसता स्पिरिटचा वास येतो. खर्च दोन मिली रसायनांचा. या दुसऱ्या नळीवाचून जे होते त्याला प्रात्यक्षिक म्हणता येईल, प्रयोग म्हणता येणार नाही.

या दुसऱ्या नळीचा इतिहासही मोठा आहे. फ्रान्समध्ये बर्तलो आणि पेआँ द सँ-जिल या दोघांनी 1862-63 मध्ये याच पदार्थांवर केलेले काम प्रसिद्ध केले. आम्ल आणि मद्यार्क एकत्र करून त्यांनी किती आम्ल उरते ते वेळोवेळी मोजले. उत्प्रेरक नसताना खोलीच्या तापमानाला ही अभिक्रिया वर्षानुवर्षे रेंगाळते. तापवल्यावर वेग येतो, पण थांबण्याची जागा बदलत नाही. पुढे त्यांनी उलट बाजूने सुरुवात केली. एस्टर आणि पाणी घेतले. तेही विघटन पावत पावत त्याच जागी येऊन थांबले. दोन तृतीयांश एस्टर, एक तृतीयांश आम्ल. नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी 1864 मध्ये मांडलेल्या वस्तुमानक्रियेच्या नियमामागे ही मोजमापे होती. दोन तृतीयांशाचा वर्ग भागिले एक तृतीयांशाचा वर्ग, म्हणजे चार. हा या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक. अकरावीच्या मुलाला समतोल शिकवताना अमोनियाचे उदाहरण देतात. त्याला शेकडो वातावरणांचा दाब लागतो आणि ते वर्गात दाखवता येत नाही. एस्टर मात्र बुचाच्या बाटलीत, कपाटात ठेवून, आठवडाभर रोज थोडा भाग काढून कॉस्टिक सोड्याने अनुमापन करत मोजता येते. फिनॉल्फ्थॅलीन एवढाच दर्शक पुरतो. नागपूरचा उन्हाळा तर फुकटचा जलऊष्मक. पण त्या दिवसांत शाळा बंद असतात, हे आपले दुर्दैव.

हा आकडा हाती आला की बऱ्याच गोष्टी मुलांना स्वतःच काढता येतात. मद्यार्क तिप्पट घेतला तर? गणित केले तर 90 टक्के आम्लाचे एस्टर होते. रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये पाच टक्के पाणी असते, त्याने किती बिघडते? फारसे नाही, 66 टक्क्यांचे 64 होतात. मग ग्लेशियल आम्लाऐवजी घरचे व्हिनेगर वापरले तर? आमच्याकडे शिक्षक हा प्रश्न हमखास विचारतात, कारण ग्लेशियल आम्ल महाग आणि हाताळायला त्रासाचे. चार टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये आम्लाच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे 80 रेणू आहेत. तेवढ्याच मोलांचा मद्यार्क घातला तर समतोलाला पोहोचूनही जेमतेम साडेचार टक्के आम्लाचे एस्टर होईल. व्हिनेगर चालत नाही ते याच कारणाने. हे ‘चालत नाही’ म्हणून सांगण्यापेक्षा मुलांकडून काढून घेतले तर बरे.

आता त्या थेंबांविषयी. संहत सल्फ्युरिक आम्ल पाणी शोषून घेते म्हणून एस्टर तयार होते, असे एक स्पष्टीकरण फार लोकप्रिय आहे. पूर्ण चूक नाही, पण मुद्द्याचे नाही. जर्मनीत एमिल फिशर आणि आर्थर श्पायर यांनी 1895 मध्ये दाखवून दिले की हायड्रोजन क्लोराइड किंवा सल्फ्युरिक आम्ल थोड्याच प्रमाणात असले तरी काम भागते. पाणी शोषून घ्यायला इतके थोडे आम्ल अपुरे पडते. मग त्याचे काम वेगळे असले पाहिजे. ते काम असे : आम्लातील प्रोटॉन कार्बोक्सिलिक गटाच्या दुहेरी बंधातील ऑक्सिजनवर बसतो. त्यामुळे शेजारचा कार्बन इलेक्ट्रॉनांसाठी अधिक भुकेला होतो. मद्यार्काच्या ऑक्सिजनजवळ न वापरलेली इलेक्ट्रॉनांची जोडी असते, ती घेऊन तो या कार्बनला चिकटतो. काही काळ कार्बनला चार हात भरलेले असतात, मग त्यातून पाण्याचा एक रेणू सुटतो आणि शेवटी प्रोटॉनही सुटा होतो. प्रोटॉन आला, काम केले, परत गेला. उलट दिशेची वाटही हीच असल्यामुळे तो दोन्ही दिशांचा वेग वाढवतो आणि थांबण्याची जागा हलवत नाही. शाळेच्या प्रयोगातले पाच थेंब मात्र तसे थोडे नाहीत. ते 0.0047 मोल भरतात आणि तयार होणारे पाणी असते सुमारे 0.0115 मोल. इतके सल्फ्युरिक आम्ल थोडे पाणी अडकवून ठेवतेच. म्हणून शाळेत दोन्ही कामे थोडीथोडी होतात. पण उत्प्रेरक म्हणजे काय हे शिकवायचे असेल तर दोनच थेंब टाकावेत.

पाण्याचा सुटलेला तो रेणू नेमका कुणाचा, हा प्रश्न आम्हाला सर्व प्रकरणात सर्वांत सुंदर वाटतो, आणि तोच पुस्तकात नसतो. उलट, आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी, आणि आम्ल अधिक मद्यार्क बरोबर एस्टर अधिक पाणी, अशी दोन समीकरणे एकाखाली एक लिहिली जातात. साम्य डोळ्यांत भरते आणि मूल समजते की आम्लाने हायड्रोजन दिला, मद्यार्काने हायड्रॉक्सिल गट दिला, झाले पाणी. समीकरण दोन्ही प्रकारे जुळते. कागदावर बसून कोणते खरे हे सांगता येत नाही. ऑक्सिजनचे अणू सारखेच. कुणाचा कोणता हे ओळखणार कसे?

1938 मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात आयर्विंग रॉबर्ट्स आणि हॅरॉल्ड यूरी यांनी ऑक्सिजनला खूण केली. (यूरी म्हणजे जड हायड्रोजनच्या शोधाबद्दल 1934 चे नोबेल मिळालेले.) मिथेनॉलमध्ये ऑक्सिजन-18 हा जड समस्थानिक नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात घेतला आणि त्याची बेंझॉइक आम्लाशी अभिक्रिया केली. मग तयार झालेले पाणी तपासले. जड ऑक्सिजन पाण्यात आला नाही, तो एस्टरमध्ये राहिला. म्हणजे मद्यार्काने आपला ऑक्सिजन सोडलाच नाही. हायड्रॉक्सिल गट गमावला तो आम्लाने. उदासिनीकरणाच्या नेमके उलट. (तृतीयक मद्यार्कांची वाट वेगळी असू शकते, पण शाळेतील मद्यार्कांना हेच लागू.) एवढी गोष्ट सांगायला वर्गात पाच मिनिटे लागतात, एक पैसा लागत नाही. खडूच्या दोन रंगांनी दोन ऑक्सिजन काढले की पुरे. समीकरण जुळणे आणि अभिक्रिया कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवणारे इतके स्वच्छ उदाहरण आम्हाला शालेय पातळीवर दुसरे आठवत नाही.

तिसरी खोट उदाहरणांची. केळ्याचा वास अमुक एस्टरचा, सफरचंदाचा तमुकचा, संत्र्याचा ऑक्टिल ॲसेटेटचा, असा तक्ता पाठ करायला दिला जातो. केळ्याचे ठीक आहे. आयसोअमाइल ॲसेटेट हुंगले की केळे आठवतेच. (मधमाश्यांच्या नांगीतून निघणाऱ्या धोक्याच्या इशाऱ्यातही हाच पदार्थ असतो, हे 1962 मध्ये कळले. शाळेच्या आवारात पोळे असेल तर बाटली उघडताना भान ठेवावे.) पण संत्र्याच्या बाबतीत नागपूरच्या शिक्षकाने तरी तक्ता निमूटपणे स्वीकारू नये. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले हे फळ आपल्या दारचे आहे. त्याची साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ पिळली की तडतड ठिणग्या उडतात, फुगलेल्या फुग्यावर पिळली तर फुगा फुटतो. हे काम एस्टरचे नव्हे. सालीच्या तेलात सर्वांत मोठा वाटा लिमोनीन या हायड्रोकार्बनचा असतो. वासाला धार येते ती ऑक्टेनॅल, डेकॅनॅल यांसारख्या अल्डिहाइडांमुळे. ऑक्टिल ॲसेटेट असते, पण थोडेसे. रसाच्या ताजेपणात एथिल ब्युटिरेटसारख्या एस्टरांचा भाग आहे, तो वेगळा. एका फळाचा वास म्हणजे एक रेणू, ही समजूत तक्त्यामुळे पक्की होते आणि ती सोलीव संत्र्यासमोर टिकत नाही.

आणि एस्टर म्हणजे अत्तर, ही समजूतही. मुले हा प्रयोग करतात तेव्हा त्यांच्या अंगावर एस्टर असते. गणवेशाच्या टेरिकॉटमधील टेरिलीन म्हणजे पॉलिएस्टर. ते व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी इंग्लंडमध्ये 1941 मध्ये बनवले. नागपूरकरांना तर ते फार लांब शोधायला नको. शहराच्या दक्षिणेला बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत इंडो रामा सिंथेटिक्सचा पॉलिएस्टरचा मोठा कारखाना 1990 च्या दशकात उभा राहिला. तिथली मूळ अभिक्रिया दहावीचीच आहे : कार्बोक्सिलिक आम्ल अधिक मद्यार्क. फक्त आम्लाला दोन कार्बोक्सिलिक गट आहेत, ते टेरेफ्थॅलिक आम्ल; आणि मद्यार्काला दोन हायड्रॉक्सिल गट, ते एथिलीन ग्लायकॉल. दोन्ही टोकांना हात असल्यामुळे साखळी वाढत जाते. गंमत अशी की या उद्योगात पहिल्या टप्प्याला सल्फ्युरिक आम्ल टाकत नाहीत. तीव्र आम्लाने ग्लायकॉलचे रेणू एकमेकांत जोडले जाऊन ईथर बनते आणि धाग्याची प्रत बिघडते. टेरेफ्थॅलिक आम्लाच्या स्वतःच्या आम्लतेवर आणि अडीचशे अंशांच्या आसपासच्या तापमानावर काम भागते. पाणी वाफेच्या रूपात सतत बाहेर काढतात, म्हणजे समतोलाला थांबायची संधीच मिळत नाही. पुढच्या टप्प्यात अँटिमनीचा उत्प्रेरक आणि निर्वात यांच्या मदतीने जादा ग्लायकॉल काढून साखळ्या लांबवल्या जातात. बर्तलोच्या दोन तृतीयांशावर मात करायची ही रीत.

पश्चिम महाराष्ट्रात एथिल ॲसेटेट टनांनी बनते. सोमैयांच्या गोदावरी बायोरिफायनरीजचा साकरवाडीचा कारखाना आहे, महाडला लक्ष्मी ऑरगॅनिक आहे. उसाच्या मळीपासून मद्यार्क आणि मद्यार्कापासून पुढे एस्टर अशी ही साखळी ऊस पिकवणाऱ्या मुलखाला ओळखीची आहे. विदर्भाचे उदाहरण वेगळे. आपल्याकडे मोह आहे. मोहाच्या बियांचे तेल साठवणीत लवकर बिघडते, म्हणजे तेलाच्या एस्टरचे विघटन होऊन मुक्त मेदाम्ले साचतात. अशा तेलापासून जैवडिझेल करायचे तर नेहमीचा कॉस्टिक सोड्याचा उत्प्रेरक निकामी ठरतो, कारण तो मेदाम्लांशी साबण करत बसतो. खरगपूरच्या आयआयटीत घाडगे आणि रहमान यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात 19 टक्के मुक्त मेदाम्लांचे मोहाचे तेल घेतले होते. आधी मिथेनॉल आणि एक टक्का सल्फ्युरिक आम्ल घालून 60 अंशांवर तासभर. मग मिथेनॉल-पाण्याचा थर काढून टाकून तीच क्रिया पुन्हा. मेदाम्ले एक टक्क्याखाली आली. दोनदा का करावे लागले? पहिल्या खेपेस तयार झालेले पाणीच अभिक्रिया अडवते म्हणून. दहावीच्या परीक्षानळीत जे घडते तेच. ज्या शहरात 1942 पासून डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिलेली तंत्रज्ञान संस्था तेल तंत्रज्ञान शिकवते आहे, तिथल्या शाळांत एस्टरचे उदाहरण म्हणून फक्त सफरचंद आणि अननस यावेत, हे आम्हाला विचित्र वाटते.

सल्फ्युरिक आम्लाचा एक दोष कारखान्यांना जाचतो आणि शाळेलाही. काम संपल्यावर ते मिश्रणातच उरते. सोड्याने मारावे लागते, त्याचे क्षार सांडपाण्यात जातात, पोलाद गंजते. यावर उपाय म्हणजे घन आम्ल. पॉलिस्टायरीनच्या मण्यांवर सल्फॉनिक आम्लाचे गट बसवलेले असतात, ते द्रवात विरघळत नाहीत आणि गाळून घेतले की वेगळे होतात. मुंबईच्या तेव्हाच्या यूडीसीटीत प्रा. एम. एम. शर्मा यांच्या गटाने अशा राळेच्या उत्प्रेरकांवर पुष्कळ काम केले; 1993 चा त्यांचा आढावा या क्षेत्रात अजून वाचला जातो. प्रा. जी. डी. यादव यांनीही त्याच संस्थेत 1994 मध्ये निरनिराळी घन आम्ले एस्टरीकरणासाठी तपासली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रत्नस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये लोह-जस्ताच्या सायनाइड संयुगांचा, पाण्याला दूर ठेवणारा घन उत्प्रेरक मांडला. त्याने तेल आणि मेदाम्ले दोन्ही चालतात. हे सारे आपल्याच राज्यात झालेले काम आहे आणि शालेय पुस्तकाला त्याची एक ओळही देता आलेली नाही.

पण आमचे म्हणणे ओळ घालण्याचे नाही. हे मणी शाळेत आणता येतात, कारण पाणी मृदू करणाऱ्या यंत्रांत तेच भरतात. दुकानातून येतात ते सोडियम रूपात. मूठभर मणी घ्यावेत, दोन वाटे करावेत. एक वाटा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात अधूनमधून ढवळत तासभर ठेवावा, मग धुण्याचे पाणी निळा लिटमस बदलेनासे होईपर्यंत धुवावा. दुसरा वाटा नुसता पाण्याने धुवावा. दोन्ही उन्हात चांगले वाळवावेत, कारण ओल्या मण्यांतील पाणी अभिक्रियेच्या आड येते. दोन नळ्यांत सारखे मणी, सारखे इथेनॉल, सारखे ग्लेशियल आम्ल घालावे. पाणी 60 ते 65 अंशांपर्यंत तापवून दिवा विझवावा आणि मगच नळ्या त्यात ठेवाव्यात. एथिल ॲसेटेट 77 अंशांना उकळते आणि त्याची वाफ थंड खोलीतही पेट घेते, तेव्हा ज्योत जवळ नको. पाणी कोमट झाले की बदलावे. पाच मिनिटांत होणार नाही, तासभर द्यावा. मग दोन्ही नळ्यांतला द्रव मण्यांवरून ओतून घ्यावा, सोडा घालावा आणि नळ्यांवर फक्त क्रमांक लिहून वर्गात फिरवाव्यात.

दोन्हींत मणी दिसायला सारखेच होते. एकात सोडियम होते, दुसऱ्यात प्रोटॉन. कोणत्या नळीत काय झाले हे मुलांनी वासावरून ओळखायचे आणि जर्नलमध्ये आपापल्या शब्दांत लिहायचे. पुस्तकात या प्रयोगाचे उत्तर नाही, त्यामुळे पाहून लिहिण्याची सोयही नाही. मणी फेकू नयेत. धुऊन वाळवून ठेवले की पुढच्या तुकडीला तेच चालतात.